नेच्याच्या पानामागचे ठिपके

पाऊस स्थिरावला की जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे एका ठरावीक प्रकारची छायाचित्रे येऊ लागतात. पिसासारखे विभागलेले एक हिरवे पान उलटे धरलेले असते आणि त्याच्या मागच्या बाजूस तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसतात. सोबतचा प्रश्नही ठरलेला असतो : ही कोणती खवले कीड, आणि कोणते औषध फवारावे? रोपवाटिकाचालक विचारतात, घरी कुंड्या ठेवणारे विचारतात आणि, सांगताना संकोच वाटतो, अधूनमधून कृषी पदवीधरही विचारतात. गुरुग्रामजवळच्या एका रोपवाटिकेत तर मी पोहोचण्यापूर्वीच दोन फवारण्या उरकलेल्या होत्या. ठिपके अर्थातच जागच्या जागी होते, कारण ती कीड नव्हतीच.

ते ठिपके म्हणजे नेच्याची पुढची पिढी होय. प्रत्येक ठिपका हा अतिसूक्ष्म बीजाणुधानींचा पुंज असतो. खवले कीड आणि हे पुंज यांतील फरक शेतावर, साध्या भिंगानेही ओळखता येतो. पुंज शिरांच्या अनुरोधाने किंवा पानाच्या कडेने नेमक्या अंतरावर, जणू पट्टी लावून मांडल्यासारखे असतात. एका पर्णिकेवरची मांडणी दुसरीवर तशीच उतरलेली दिसते. खवले कीड अशी शिस्त पाळत नाही. ती देठावर, मधल्या शिरेवर, पानाच्या वरच्या बाजूसही बसते. नखाने खरवडल्यास खवल्याचे कवच अखंड सुटते आणि खाली कीटकाचे मऊ शरीर किंवा अंडी दिसतात. पुंज खरवडल्यास हाती तपकिरी भुकटी येते. पाने चिकट झाली असतील, त्यांवर काळी बुरशी धरली असेल आणि मुंग्यांची ये-जा असेल, तर मात्र खवले किडीचा संशय योग्य ठरतो. नेच्यावर ती येतच नाही असे नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे प्राण घेतले. तेव्हापासून, न लागणारी एक फवारणी टळली तरी मी तो दिवस सत्कारणी लागला असे मानतो.

नेचा ही फूल, फळ आणि बी यांवाचून वंश चालवणारी वनस्पती आहे. शेवाळ्याहून ती पुढारलेली आहे, कारण अन्न-पाणी वाहून नेणाऱ्या नलिका तिच्या खोडात, मुळांत आणि पानांत असतात. म्हणून ती उंच वाढू शकते. खोड बहुधा जमिनीलगत आडवे सरकते आणि आपल्याला दिसतो तो बहुतेक पानांचाच पसारा. कोवळे पान घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले असते आणि तळाकडून टोकाकडे उलगडत जाते. ही गुंडाळी दिसली की नेचा ओळखण्यास सहसा दुसऱ्या पुराव्याची गरज पडत नाही.

बीजाणू उडवण्याची त्याची यंत्रणा पाहण्याजोगी आहे. बीजाणुधानीच्या कडेने जाड भिंतींच्या पेशींचे एक कडे असते. हवा कोरडी झाली की त्या पेशींतील पाणी आटते, कडे मागे ताणले जाते आणि धानी फाटते. पेशींत उरलेल्या पाण्याचा ताण एका क्षणी तुटतो आणि कडे झटक्याने पूर्वस्थितीला येते. गोफणीतून धोंडा सुटावा तसे बीजाणू बाहेर फेकले जातात. बहुतेक नेच्यांत एका धानीत ते ६४ असतात. पक्व पान पांढऱ्या कागदावर उलटे ठेवून रात्रभर सोडल्यास सकाळी त्याचा तपकिरी ठसा उमटलेला मिळतो. शेतीशाळेत मुलांना दाखवण्यासाठी याहून स्वस्त प्रयोग मला माहीत नाही.

मात्र बीजाणू म्हणजे बी नव्हे. बीमध्ये गर्भ आणि त्याची शिदोरी दोन्ही बांधून दिलेली असतात. बीजाणू ही एकच पेशी. ती ओल्या जागी रुजली की नेचा उगवत नाही. उगवते ते नखाएवढे, पातळ, बदामाच्या आकाराचे हिरवे पापुद्र्यासारखे रोप. त्याला पूर्वकायक म्हणतात. नर आणि मादी पेशी या पापुद्र्यावर तयार होतात. नर पेशीला मादी पेशीपर्यंत पोहत जावे लागते आणि त्यासाठी पाण्याचा निदान एक पातळ थर हवाच. हा संयोग झाला तरच आपल्या ओळखीचा नेचा जन्मास येतो. सह्याद्रीच्या घळींत नेच्यांची दाटी आणि दिल्लीत दुष्काळ असण्याचे मूळ येथे आहे. दिल्ली परिसरात नेचा शोधायचा तर जुन्या बावड्यांच्या आणि विहिरींच्या भिंती, पुलांखालची ओलसर वीट, गळका नळ किंवा वातानुकूलन यंत्राचे पाणी ठिबकते ती जागा पाहावी. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतींवर टेरिस व्हिटाटा आणि हंसराज हे दोन नेचे येथे चिकाटीने तग धरतात.

कीटकशास्त्रज्ञाला नेच्याविषयी कुतूहल वाटते ते वेगळ्या कारणाने. सपुष्प वनस्पतींना कीटकांशी सौदा करावा लागतो : मध द्यायचा आणि परागवहन करून घ्यायचे. नेच्याला परागच नाहीत, म्हणून असा सौदाही नाही. त्याच्या दृष्टीने कीटक म्हणजे प्रामुख्याने खाणारा. नेच्यांच्या पूर्वजांचे जीवाश्म सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत मागे जातात. फुलांचे त्या मानाने अलीकडचे, सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीचे. एवढ्या प्रदीर्घ काळात नेच्यांनी संरक्षणाची रासायनिक शस्त्रे जमवली नसती तरच नवल. टॅनिने तर आहेतच. हिमालयात आणि दक्षिणेतील डोंगरांत वाढणाऱ्या ब्रॅकन नेच्यात सायनाइड सोडणारी संयुगे आणि गुरांना कर्करोग जडवणारे टाक्विलोसाइड नावाचे विषही असते. त्या भागात जनावरे चारणाऱ्यांनी तो ओळखता आला पाहिजे. कित्येक नेच्यांत कीटकांच्या कात टाकण्याच्या संप्रेरकाशी एकरूप किंवा मिळतीजुळती द्रव्ये सापडतात. अळीने ती खाल्ली की अवेळी कात टाकण्याचा आदेश तिच्या शरीराला मिळतो. मेथॉक्सीफेनोझाइडसारखी आधुनिक कीटकनाशके नेमक्या याच कळीवर बोट ठेवतात. आपण प्रयोगशाळेत अलीकडे गाठलेली युक्ती नेच्याजवळ फार आधीपासून होती.

भिंतीवरच्या त्या टेरिस व्हिटाटाची गोष्ट याहून विलक्षण. हा नेचा जमिनीतील आर्सेनिक शोषून पानांत साठवतो, हे २००१ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा येथील संशोधकांनी दाखवून दिले. दूषित मातीत वाढलेल्या पानांत किलोमागे २२ ग्रॅमहून अधिक आर्सेनिक आढळले आणि झाड मात्र ठणठणीत. पुढे असेही दिसले की आर्सेनिक साठवलेली पाने नाकतोडे टाळतात. आर्सेनिकची संयुगे माणसाने एकेकाळी कीटकनाशक म्हणूनच फवारली होती. दूषित जागेत वाढलेल्या या नेच्याची पाने कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत, एवढे यातून लक्षात ठेवावे.

आता कापसाकडे वळू. २०१५ च्या खरिपात पंजाब, हरियाणा आणि राजस्थानच्या कापूसपट्ट्यात पांढऱ्या माशीचा उद्रेक झाला. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणारे भिवानी आणि जींद हे जिल्हेही कापसाचेच आहेत, त्यामुळे दिल्लीत बसलेल्या आम्हांला तो उद्रेक दूरचा नव्हता. बीटी कापूस असूनही हे कसे घडले, असा प्रश्न तेव्हा फार विचारला गेला. उत्तर साधे आहे. बीटीमधील क्राय प्रथिने बोंडअळ्यांसाठी आहेत. रस शोषणाऱ्या पांढऱ्या माशीवर त्यांचा परिणाम होत नाही. ही माशी पानाच्या मागे बसून अन्नवाहिनीतील रस पिते, चिकट स्राव टाकते आणि पाने मुरडणाऱ्या लीफ कर्ल रोगाचा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. उशिरा पेरणी, युरियाचा अतिरेक आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या अवेळी, सरमिसळ फवारण्या यांनी तिला त्या वर्षी मोकळे रान मिळाले.

पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी नेचर बायोटेक्नॉलॉजी या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. कीटक टाळतात अशी ख्याती असलेल्या नेच्यांत पांढऱ्या माशीला मारणारे एखादे प्रथिन असेल का, हा त्यांचा प्रश्न होता. अनेक नेच्यांचे अर्क तपासल्यावर टेक्टारिया मॅक्रोडोंटा या नेच्याने उत्तर दिले. हा नेचा खाण्याजोगा मानला जातो आणि टेक्टारिया वंशाचे नेचे आपल्या सह्याद्रीतही आहेत. त्यातून वेगळ्या केलेल्या प्रथिनाला टीएमए-१२ असे नाव मिळाले. कृत्रिम आहारात मिलिलिटरला सुमारे दीड मायक्रोग्रॅम प्रथिन मिसळले असता निम्म्या माश्या मेल्या. त्याहून कमी मात्रेतही त्यांचे जीवनचक्र विस्कटले. मग या प्रथिनाचे जनुक कापसात घातले गेले. पानातील एकूण विद्राव्य प्रथिनांच्या अवघ्या ०.०१ टक्के प्रमाणातही ते पुरेसे ठरले. बंदिस्त क्षेत्रचाचण्यांत ही झाडे पांढऱ्या माशीपासून आणि तिने वाहून आणलेल्या लीफ कर्ल रोगापासून बचावली, उत्पादनात घट दिसली नाही आणि उंदरांना हे प्रथिन खाऊ घातले असता अपाय आढळला नाही.

ही माझ्या मते गेल्या काही वर्षांतील आपल्या देशातील वनस्पती-संरक्षण संशोधनाची मोलाची कामगिरी आहे. तरी दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात असे वाटते. असा कापूस अद्याप शेतकऱ्याच्या लागवडीसाठी उपलब्ध नाही. ‘नेच्याच्या जनुकाचे’ म्हणून कोणी बियाण्याचे पाकीट पुढे केले तर ते घेऊ नये. नेच्याचा पाला उकळून कपाशीवर मारावा का, असेही मला विचारले गेले आहे. मारू नये. माशी पिते तो रस पानाच्या अन्नवाहिनीत असतो आणि वरून फवारलेले प्रथिन तेथवर पोहोचत नाही. दुसरी गोष्ट अनुभवाची. २००२ मध्ये आलेल्या बीटी कापसातील पहिल्या जनुकाला आणि नंतर जोडलेल्या दुसऱ्यालाही गुलाबी बोंडअळीने प्रतिकार मिळवला, हे विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना मी सांगायला नको. नेच्याचे जनुक उद्या आले तरी वेळेवर पेरणी, नत्राची मोजून मात्रा, पिवळे चिकट सापळे आणि पानामागच्या माश्या मोजूनच फवारणीचा निर्णय, यांतून सुटका नाही.

या जनुकाचा माग पुढे आणखी एका नेच्यापर्यंत पोहोचला. २०१८ मध्ये साल्व्हिनिया आणि अझोला या दोन पाणनेच्यांचे संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाले. त्यांपैकी साल्व्हिनियात टीएमए-१२ चा भाऊबंद सापडला, अझोलात नाही. हे जनुक फार प्राचीन काळी जीवाणूंकडून नेच्यांत आले असावे, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. बीटीचे जनुक मातीतील जीवाणूकडून कापसात माणसाने आणले. नेच्यांत तशीच देवघेव माणसावाचून झालेली दिसते.

म्हणून साल्व्हिनिया कीटकांना अजिंक्य आहे असे मात्र समजू नये. याच वंशातील साल्व्हिनिया मोलेस्टा हे जगातील सर्वांत त्रासदायक पाणतणांपैकी एक आहे. मूळ आग्नेय ब्राझीलचा हा नेचा केरळात ‘आफ्रिकन पायल’ म्हणून कुप्रसिद्ध आहे. अमरावतीला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यात सारणीचा सातपुडा जलाशय त्याने झाकून टाकला, तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला ‘चायनीज झालर’ असे नाव दिले. या झाडाचे बीजाणू वांझ असतात. ते केवळ तुकड्यांनी वाढते. कांडीचा एक तुकडा नवीन तळ्यात पडला की पुरे. नेच्याचे लैंगिक चक्र पूर्ण तुटले तरी त्याचे काहीच अडत नाही, हे या उदाहरणात दिसते.

त्याचा शत्रू शोधण्याची कथा आमच्या शास्त्रात वारंवार सांगितली जाते. आफ्रिकेत आणि फिजीत दक्षिण अमेरिकेतील एक सोंडकिडा सोडला गेला, पण यश आले नाही. नंतर ब्राझीलमध्ये साल्व्हिनिया मोलेस्टा जिथे मूळची उगवते तिथून सोंडकिडे आणले गेले. दिसायला ते आधीसारखेच होते. १९८० मध्ये ते ऑस्ट्रेलियातील मूनडारा जलाशयात सोडले आणि वर्षाच्या आसपास हजारो टन तण बुडून गेले. बारकाईने पाहता ती वेगळीच जाती निघाली. १९८५ मध्ये तिचे सर्टोबॅगस साल्व्हिनिई असे नामकरण झाले. हा किडा जेमतेम दोन मिलिमीटरचा. प्रौढ कोंब कुरतडतो, अळी कांडीत शिरून ती पोखरते. भारतात तो १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातून आला. बंगळुरूच्या एका कमळतळ्यातील तण त्याने वर्षाच्या आत संपवले, मग केरळातील कालवे मोकळे केले आणि अलीकडे जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने तो मध्य भारतातील तलावांत वापरला आहे.

त्यातला एक प्रसंग मी कापूस उत्पादकांना नेहमी सांगतो. पापुआ न्यू गिनीतील सेपिक नदीच्या खोऱ्यात हा किडा प्रारंभी वाढेना. तपासात कळले की तेथील साल्व्हिनियात नत्र फार कमी होते. शास्त्रज्ञांनी कुंपण घातलेल्या तुकड्यांत चक्क युरिया टाकला. कोंब नत्राने भरले, किड्यांची संख्या वाढली आणि पुढे त्यांनी स्वतःच तणाचा फडशा पाडला. किडा वाढावा म्हणून मुद्दाम जे करावे लागले, तेच आपण कपाशीत जादा युरिया देऊन न कळत करतो.

राहिला अझोला. हा नेचा आपण हौसेने वाढवतो. त्याच्या पानाच्या वरच्या पाळीत एक पोकळी असते आणि तिच्यात नॉस्टॉक अझोली ही नीलहरित जीवाणूंची जात राहते. पूर्वी तिला अनाबिना म्हणत. ती हवेतील नत्र स्थिर करून नेच्याला देते. ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या तुटत नाही, कारण अझोलाच्या मोठ्या बीजाणूसोबत हे जीवाणूही पुढच्या पिढीत जातात. त्यामुळेच वाळलेल्या अझोलात २० ते २५ टक्के प्रथिने मिळतात आणि तो भातखाचरात हिरवळीचे खत, तर गोठ्यात पूरक खाद्य ठरतो. त्याला नत्राची ददात नाही. उणीव भासते ती स्फुरदाची. पाने लालसर झाली, वाढ खुंटली, तर स्फुरदाची कमतरता, कडक ऊन किंवा थंडी यांपैकी एक कारण असते. दिल्लीच्या मे-जूनमध्ये हिरव्या जाळीच्या सावलीवाचून अझोला टिकत नाही, आणि विदर्भातही तसेच समजावे.

अझोलालाही कीड लागते. टाकीत मध्येच जाळ्यांनी गुंफलेले, तपकिरी पडलेले पट्टे दिसले तर ते पतंगाच्या अळ्यांचे काम असते. जाळे उचकटले की हिरवट अळी सापडते. खालची मुळे तुटून झाड विस्कळीत होत असेल तर पाण्यातील चिलटासारख्या माशीच्या अळ्या पाहाव्यात, गोगलगाईही खातात. हा अझोला जनावरांच्या पोटात जाणार असल्यामुळे टाकीत कीटकनाशक वापरू नये. बाधित थर काढून उन्हात वाळवावा, पाणी आणि तळाची माती बदलावी, आणि टाकीवर बारीक जाळी घालावी. दाटी होऊ न देता नियमित काढणी केली, तर अळ्यांना बस्तान मांडण्यास अवधीच मिळत नाही.

बियाणे म्हणून अझोला आणताना विस्तार कार्यकर्त्यांनी एक तपासणी अवश्य करावी. मूठभर नमुना पांढऱ्या थाळीत पाण्यावर पसरावा. अझोलाची पाने मिलिमीटरभर, खवल्यांसारखी एकावर एक बसलेली आणि खाली खरी, धाग्यासारखी मुळे असतात. नखाएवढी किंवा त्याहून मोठी, अंडाकृती, जोडीजोडीने आलेली, वरून केसाळ पाने दिसली, तर तो साल्व्हिनिया होय. त्याच्या पानावर पाण्याचा थेंब टाकल्यास तो न भिजवता घरंगळतो, आणि खाली लोंबणारा मुळांसारखा झुपका हे वस्तुतः रूपांतरित पान असते. साल्व्हिनिया मोलेस्टाच्या पानावरील केस टोकाशी एकत्र जुळून अंडे फेटण्याच्या रवीसारखा आकार घेतात. दहापट भिंगाखाली हे स्पष्ट दिसते. असा एक तुकडा जरी आढळला, तरी तो सारा नमुना परत घ्यावा, पाण्यापासून दूर पक्क्या जमिनीवर कडक उन्हात पूर्ण वाळवावा आणि ज्या टाकीतून तो आला तिच्या मालकाला त्याच दिवशी कळवावे. थाळी धुतलेले पाणीही नाल्यात किंवा पाटात ओतू नये. ते झाडाच्या आळ्यात टाकावे.